मद्रासवरील फ्रेंच अंमल (१७४६–१७४९) : पाडाव, ताबा आणि हस्तांतर

प्रस्तावना

सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांचे मद्रास जिंकून घेतले. सुमारे तीन वर्षे शहर त्यांच्या ताब्यात राहिले आणि सप्टेंबर १७४९ मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले. पाठ्यपुस्तकांत ही घटना बहुधा 'पहिले कर्नाटक युद्ध' या मथळ्याखाली दोन-तीन परिच्छेदांत संपते. त्यात दुप्ले, ला बूर्दोने, क्लाइव्ह ही नावे येतात, तहाचे नाव येते आणि पुढचे युद्ध सुरू होते. या पाठात आपण हीच घटना एका शहराची कथा म्हणून पाहणार आहोत. शहर कोणी घेतले, कोणी परत दिले, हे तर पाहूच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. शहर 'मुक्त' झाले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कोण मुक्त झालेले असते?

तारखांबद्दल एक सूचना. इंग्रज त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना पाळत होते आणि फ्रेंच नवी ग्रेगोरियन. दोन्हींत ११ दिवसांचे अंतर होते. म्हणून मद्रास पडल्याची तारीख काही पुस्तकांत १० सप्टेंबर, तर काहींत २१ सप्टेंबर अशी आढळते. दोन्ही बरोबर आहेत. या पाठात सर्वत्र नवी कालगणना वापरली आहे.

पार्श्वभूमी : मद्रास, पुद्दुचेरी आणि कर्नाटक

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये स्थानिक नायकाकडून किनाऱ्यावरील एक पट्टी मिळवली आणि पुढच्या वर्षी तेथे सेंट जॉर्ज किल्ल्याचे काम सुरू केले. किल्ल्याच्या तटाआड युरोपीयांची वस्ती होती, तिला 'व्हाइट टाउन' म्हणत. तिला लागूनच उत्तरेस विणकर, रंगारी, सराफ, दुभाषी, दलाल, नावाडी यांची दाट वस्ती होती, ती 'ब्लॅक टाउन'. कंपनीचा मुख्य व्यापार कापडाचा होता आणि ते कापड या दुसऱ्या वस्तीतील व्यापाऱ्यांच्या मार्फतच येई. मद्रासची संपत्ती किल्ल्यात साठवली जात असली तरी ती निर्माण होत होती किल्ल्याबाहेर.

मद्रासच्या दक्षिणेस सुमारे १५० किलोमीटरवर फ्रेंचांचे पुद्दुचेरी, आणि त्याच्याही पलीकडे कडलूरजवळ इंग्रजांचा सेंट डेव्हिड किल्ला. दोन्ही कंपन्या नावापुरत्या तरी अर्काटच्या नवाबाच्या मुलखात राहत होत्या. पण नवाबाची सत्ता डळमळीत झालेली होती. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा कर्नाटकात उतरल्या. दामलचेरीच्या लढाईत नवाब दोस्त अली मारला गेला. पुढच्या वर्षी मराठ्यांनी त्रिचनापल्ली घेतली आणि दोस्त अलीचा जावई चंदासाहेब याला कैद करून साताऱ्याला नेले. या धामधुमीत नवाबाच्या कुटुंबीयांनी पुद्दुचेरीच्या तटाआड आसरा घेतला होता. किनाऱ्यावरच्या या व्यापारी वखारी संकटकाळी आसरा देऊ शकतात, हे कर्नाटकातील सरदारांना तेव्हा प्रथमच नीट दिसले. नंतर निजामाने अन्वरुद्दीनला नवाब नेमले. नवाब नवा होता आणि त्याचे बस्तान अजून बसलेले नव्हते.

अशा वेळी युरोपात ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध भडकले. १७४४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स उघडपणे एकमेकांविरुद्ध उतरले. दुप्ले १७४२ पासून पुद्दुचेरीचा गव्हर्नर होता. भारतात शांतता राखावी असा त्याचा सुरुवातीचा प्रयत्न होता. पण इंग्रज आरमाराने फ्रेंचांची व्यापारी जहाजे पकडली आणि तो मार्ग बंद झाला. इंग्रजांनी पुद्दुचेरीवर हल्ला करू नये अशी ताकीद नवाबाने दुप्लेच्या विनंतीवरून दिली होती. हीच ताकीद पुढे फ्रेंचांना लागू करण्याची वेळ आली, तेव्हा ती कोणी जुमानली नाही.

पाडाव : सप्टेंबर १७४६

मॉरिशस आणि बूर्बों या बेटांचा फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याने हाताशी असलेल्या जहाजांचे आरमार उभे केले आणि तो कोरोमंडल किनाऱ्यावर आला. ६ जुलै १७४६ रोजी नागपट्टणमजवळ त्याची इंग्रज आरमाराशी गाठ पडली. लढाई अनिर्णित राहिली, पण इंग्रज सेनापती पेटन आधी सिलोनकडे आणि नंतर बंगालकडे निघून गेला. मद्रासच्या रक्षणासाठी समुद्रात एकही लढाऊ जहाज उरले नाही. पुढचे सगळे या एका माघारीतून घडले.

सेंट जॉर्ज किल्ल्यात त्या वेळी जेमतेम ३०० शिपाई होते. तट जुने आणि तोफा हाताळणारे थोडे. गव्हर्नर निकोलस मोर्स व्यापारी होता, लढवय्या नव्हता. त्याने नवाबाकडे मदत मागितली, पण ती वेळेवर आली नाही. १४ सप्टेंबरच्या सुमारास फ्रेंच फौज किनाऱ्यावर उतरू लागली. तिच्यात युरोपीय शिपायांबरोबर मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेले सैनिक आणि हिंदी शिपाईही होते. १८ तारखेला तोफांचा मारा सुरू झाला आणि २१ सप्टेंबरला किल्ल्याने शरणागती पत्करली. हाताहाताची लढाई झालीच नाही. दोन्ही बाजूंची मनुष्यहानी अत्यल्प होती.

ब्लॅक टाउनमधील बऱ्याच कुटुंबांनी मारा सुरू होण्याच्या सुमारास शहर सोडले होते. शरणागतीच्या अटी ठरवताना त्यांना कोणी विचारले नाही. वाटाघाटी झाल्या त्या किल्ल्यातील इंग्रज आणि किल्ल्याबाहेरील फ्रेंच यांच्यात.

खंडणी की कायमचा ताबा?

शहर पडले, पण त्याचे करायचे काय यावर फ्रेंचांतच जुंपली. ला बूर्दोने आरमारी माणूस होता. त्याने इंग्रजांशी असा करार केला की ११ लाख होन, म्हणजे युरोपीय ज्याला पॅगोडा म्हणत ते सोन्याचे नाणे, घेऊन मद्रास परत द्यायचे. दुप्लेला हे मान्य नव्हते. मद्रास हा पुद्दुचेरीचा प्रतिस्पर्धी होता. तो पुन्हा उभा राहू देणे म्हणजे स्वतःच्या व्यापाराच्या मुळावर येणे, असे त्याचे मत होते. शिवाय नवाबाने हस्तक्षेप करू नये म्हणून त्याने 'मद्रास जिंकून तुमच्या हवाली करू' असे वचनही देऊन ठेवले होते. म्हणजे एकाच शहराबद्दल दोन फ्रेंच अधिकाऱ्यांनी दोघांना दोन वेगवेगळी वचने दिली होती.

हा वाद वादळाने मिटवला. १३ ऑक्टोबरच्या रात्री किनाऱ्यावर तुफान आले. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगरून उभी असत. ला बूर्दोनेची अनेक जहाजे बुडाली किंवा निकामी झाली आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. उरलेले आरमार घेऊन तो दहा दिवसांत निघून गेला. फ्रान्समध्ये त्याच्यावर इंग्रजांकडून लाच घेतल्याचा आरोप आला. त्याला बास्तीय तुरुंगात डांबले गेले आणि १७५१ मध्ये तो निर्दोष सुटला.

त्याची पाठ फिरताच १० नोव्हेंबरला दुप्लेच्या बाजूने करार रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. मोर्स आणि इतर इंग्रज अधिकाऱ्यांना पुद्दुचेरीला नेऊन लोकांसमोर मिरवण्यात आले. करारच मोडल्यामुळे आपण दिलेला शब्दही आता बंधनकारक नाही, असे म्हणत काही इंग्रज निसटले. त्यांत कंपनीचा एकविशीतला कारकून रॉबर्ट क्लाइव्ह होता. तो वेषांतर करून सेंट डेव्हिड किल्ल्यात पोहोचला आणि पुढे त्याने लेखणी टाकून तलवार धरली.

अड्यारची लढाई

दुप्लेने वचन पाळले नाही, तेव्हा नवाबाने आपला मुलगा महफूजखान याला फौजेसह मद्रासवर धाडले. सुमारे १०,००० स्वार-प्यादे शहराभोवती जमले. २ नोव्हेंबरला किल्ल्यातून बाहेर पडलेल्या लहान फ्रेंच तुकडीने जलद तोफमारा करून त्यांना मागे हटवले. महफूजखानाने मग अड्यार नदीवर, सांतोमजवळ तळ दिला. पुद्दुचेरीहून येणारी कुमक अडवावी हा हेतू होता. ४ नोव्हेंबर १७४६ रोजी पारादी या स्विस अधिकाऱ्याच्या हाताखालील सुमारे २३० युरोपीय आणि ७०० हिंदी शिपायांनी नदी ओलांडली, एकसाथ बार काढले आणि संगिनी रोखून ते चालून गेले. नवाबाची फौज सांतोमच्या गल्ल्यांतून पळत सुटली.

या लढाईबद्दल लिहिताना 'मूठभर युरोपीयांनी हजारोंचा पराभव केला' असे वाक्य वारंवार येते. विद्यार्थ्यांनी आकड्यांकडे पुन्हा पाहावे. २३० आणि ७०० मिळून ९३०. म्हणजे विजयी तुकडीतील दर चार जणांमागे तीन हिंदी होते. फरक वंशाचा नव्हता. तो कवायतीचा, शिस्तीचा, एका हुकमाने बार काढण्याचा आणि नियमित पगाराचा होता. ही शिस्त शिकता येत होती, हेही पुढे सिद्ध झाले. दुप्लेचा सहकारी बुसी हैदराबादेत गेला. त्याच्या पद्धतीने तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे सदाशिवराव भाऊंच्या सैन्यात आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्याच्या पलटणी लढल्या.

दुसरी गोष्ट राजकीय होती. अड्यारपूर्वी कंपन्या नवाबाला अर्ज करत. अड्यारनंतर गादीचे दावेदार कंपन्यांकडे येऊ लागले.

ताब्यातील शहर

फ्रेंचांनी मद्रासमध्ये राज्यकारभार बसवण्यापेक्षा ते शहर रिकामे करण्याकडे अधिक लक्ष दिले. कंपनीचा माल आणि तोफा पुद्दुचेरीला गेल्या. किल्ल्याच्या सागरद्वाराजवळील काळ्या दगडाचे खांबसुद्धा तिकडे नेले गेले. ते १७६१ मध्ये पुद्दुचेरी पडल्यावर परत आणले, असे मद्रासचे इतिहासकार नोंदवतात. श्रीमंत व्यापाऱ्यांनीही पुद्दुचेरीत स्थायिक व्हावे यासाठी दुप्लेने प्रयत्न केले. खोजा पेत्रुस उस्कान हा आर्मेनियन व्यापारी याचे ठळक उदाहरण. अड्यार नदीवरील मार्मलोंग पूल त्याने स्वखर्चाने बांधला होता. फ्रेंचांची बाजू घेतल्यास मालमत्ता परत मिळेल असे त्याला सांगितले गेले, पण त्याने नकार दिला आणि मोठे नुकसान सोसले.

ज्यांच्याकडे नाकारण्याजोगेही काही नव्हते त्यांचे काय? किल्ल्याच्या उत्तर तटाला चिकटून असलेली ब्लॅक टाउनची घरे फ्रेंचांनी पाडली. शत्रू आला तर त्याला आडोसा मिळू नये आणि तोफांना मोकळा पल्ला मिळावा, हे लष्करी कारण होते. पाडलेल्या घरांची माती-विटा तटापुढचा उतार भरण्यासाठी वापरली गेली. एका वस्तीचे असे संरक्षणाच्या साधनात रूपांतर झाले.

या काळाची सर्वांत मौल्यवान हिंदी साक्ष तमिळमध्ये आहे. आनंद रंग पिल्लै यांचा जन्म १७०९ चा, मद्रासच्या पेरंबूर भागातला. पण त्यांचे आयुष्य पुद्दुचेरीत गेले आणि १७४७ मध्ये ते दुप्लेचे मुख्य दुभाषी झाले. १७३६ पासून १७६१ पर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली. बाजारभाव, दरबारातील कुजबुज, जहाजांची ये-जा, दुप्लेशी झालेली बोलणी असे सगळे तीत आहे. मात्र साधन वापरताना त्याची जागा ओळखावी लागते. पिल्लै हे मद्रासचे पुत्र असले तरी ते जिंकणाऱ्याच्या घरातून लिहीत होते. ज्यांची घरे पडली त्या विणकरांची रोजनिशी आपल्याकडे नाही.

हस्तांतर : १७४८–१७४९

इंग्रजांनी मद्रास लढून परत घेतले नाही. सेंट डेव्हिड किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. दुप्लेचे त्यावरील हल्ले फसले. १७४८ मध्ये स्ट्रिंजर लॉरेन्स आला आणि त्याने कंपनीच्या फौजेला शिस्त लावली. बॉस्कॉवेन मोठे आरमार घेऊन आला आणि त्याने पुद्दुचेरीला वेढा घातला, पण ऑक्टोबर १७४८ मध्ये त्याला तो उठवावा लागला. म्हणजे भारतात तरी फ्रेंच हरलेले नव्हते.

निकाल लागला तो युरोपात. १८ ऑक्टोबर १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहाने युद्ध संपले. उत्तर अमेरिकेतील लुईसबर्ग हा फ्रेंच किल्ला १७४५ मध्ये इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींनी जिंकला होता. तो फ्रान्सला परत मिळाला आणि मद्रास इंग्लंडला. १ सप्टेंबर १७४९ रोजी बॉस्कॉवेनने शहराचा ताबा घेतला. लुईसबर्ग जिंकण्यासाठी लढलेल्या वसाहतवाल्यांना हा सौदा जिव्हारी लागला. मद्रासच्या रहिवाशांना काय वाटले हे कोणी विचारले नाही. हजारो मैल दूर असलेली दोन शहरे एका कागदावर अदलाबदल झाली.

'मुक्तता' कोणाची?

शहर परत मिळताच इंग्रजांनी फ्रेंचांना मदत केल्याचा ठपका कॅथलिक रहिवाशांवर ठेवला. व्हाइट टाउनमधील त्यांचे चर्च काढून घेऊन पाडले आणि किल्ल्याच्या आत त्यांनी राहण्यावर बंधने आणली. १७५२ मध्ये वेपेरी येथील, उस्काननेच बांधलेले प्रार्थनास्थळ प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना देण्यात आले. ज्याने शत्रूचा प्रस्ताव नाकारला होता त्याच्या वारशाला हे फळ मिळाले. शेजारचे सांतोम १७४९ मध्येच इंग्रजांनी घेतले.

ब्लॅक टाउनचे काय झाले? फ्रेंचांनी सुरू केलेली पाडापाडी इंग्रजांनी थांबवली नाही, पूर्ण केली. १७४६ चा धडा त्यांनी असा घेतला की वस्ती तटाजवळ असणे धोक्याचे. १७५७ च्या सुमारास उरलेली जुनी वस्ती आणि तिच्यातील चेन्नकेशव पेरुमाळ मंदिर पाडले गेले. मंदिर नंतर नव्या जागी उभे राहिले. नवे ब्लॅक टाउन आणखी उत्तरेस, मुत्यालपेठ आणि पेद्दनायकनपेठ भागात वसले. त्यालाच आज जॉर्ज टाउन म्हणतात. मोकळ्या केलेल्या पट्ट्यात कोणी घर बांधू नये म्हणून १७७३ मध्ये सीमेवर सहा दगडी स्तंभ उभारले. त्यांपैकी एक पॅरीज कॉर्नरजवळ अजून आहे. जुन्या ब्लॅक टाउनच्या जागेवर आज मद्रास उच्च न्यायालय उभे आहे.

लष्करी दृष्टीने ही पाडापाडी 'यशस्वी' ठरली. डिसेंबर १७५८ ते फेब्रुवारी १७५९ या काळात लालीने मद्रासला वेढा दिला, तेव्हा किल्ला टिकला. किल्ल्याबाहेरच्या नव्या वस्तीत मात्र फ्रेंच फौज शिरली आणि लूट झाली. तट मजबूत झाला होता, पण तो कोणाच्या रक्षणासाठी होता हे बदलले नव्हते.

नवाब अन्वरुद्दीन हा दिवस पाहण्यास उरला नव्हता. मद्रासचे हस्तांतर होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ३ ऑगस्ट १७४९ रोजी, अंबूरच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांत मराठ्यांच्या कैदेतून सुटलेला चंदासाहेब आणि त्याला साथ देणारी फ्रेंच पलटण होती. युरोपातील शांततेचा तह मद्रासमध्ये अमलात येत असतानाच कर्नाटकात पुढचे युद्ध सुरू झालेले होते.

सारांश

१. मद्रासचा पाडाव समुद्रावरील सत्तेच्या अभावामुळे झाला. इंग्रज आरमार निघून गेल्यावर किल्ला आठवडाभरात पडला.

२. खंडणी की ताबा, हा ला बूर्दोने आणि दुप्ले यांच्यातील वाद फ्रेंचांच्या दोन उद्दिष्टांतील विसंगती दाखवतो.

३. अड्यारच्या लढाईने कवायती पायदळाचे महत्त्व आणि कंपन्यांचे बदललेले राजकीय स्थान स्पष्ट केले. त्या पायदळात बहुसंख्य हिंदी होते.

४. शहराचे हस्तांतर युरोपीय तहाने, लुईसबर्गच्या बदल्यात झाले.

५. ब्लॅक टाउनची पाडापाडी एका सत्तेने सुरू केली आणि दुसरीने पूर्ण केली. तेथील रहिवाशांच्या दृष्टीने 'ताबा' आणि 'मुक्तता' यांतील रेषा फार ठळक नव्हती. म्हणून या घटनेसाठी 'मुक्तता'पेक्षा 'हस्तांतर' हा शब्द अधिक नेमका आहे.

स्वाध्याय

१. १७४५ मध्ये नवाबाने इंग्रजांना दिलेली ताकीद आणि १७४६ मधील त्याची भूमिका यांची तुलना करा.

२. 'अड्यारची लढाई हा युरोपीयांचा हिंदी सैन्यावरील विजय होता.' या विधानाचे आकड्यांच्या आधारे परीक्षण करा.

३. आनंद रंग पिल्लै यांच्या रोजनिशीचे साधन म्हणून महत्त्व आणि मर्यादा सांगा.

४. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या किल्ल्याभोवतीच्या मोकळ्या जागेची माहिती मिळवा. ती पूर्वीपासून मोकळी होती की मोकळी केली गेली? तेथे आधी कोण राहत होते?